सिगार आणि लिक्युअर यांचा जोडीने आस्वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे आम्ही सात-आठ जण पुण्यात ठरावीक संध्याकाळी एकत्र बसून एक सिगार आणि एक लिक्युअर असा जोडीने आस्वाद घेत आलो आहोत. या बैठकींविषयी जे प्रश्न आम्हाला पुनःपुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. हा विषय फक्त प्रौढांचा आहे, आणि नव्याने सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी प्रश्न १३ व १४ यांची उत्तरे आधी वाचावीत, अशी आमची मनापासून विनंती आहे.

१. लिकर म्हणजे दारूच ना? मग लिक्युअर हे वेगळे काय असते?

दुकानाच्या पाटीवर ‘लिकर’ हा शब्द सरसकट सगळ्या मद्यांसाठी लिहिलेला असतो, त्यामुळे हा घोटाळा होतो. लिक्युअर हा मद्याचा एक ठरावीक प्रकार आहे. ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यात फळे, साली, मुळे, बिया, वनौषधी किंवा कॉफी यांचा अर्क उतरवून त्यात साखर किंवा मध घातला की लिक्युअर तयार होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्यात किमान १५ टक्के अल्कोहोल आणि, मोजके अपवाद सोडता, लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते. ही साखरच पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी आहे. व्हिस्की, रम आणि कोन्याक (फ्रान्समधील द्राक्षांची ब्रँडी) ही लिक्युअर नव्हेत, आणि पोर्ट ही वाइन आहे; म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

२. आजोबा चिरूट ओढत असत. सिगार म्हणजे तेच का?

जवळचे नाते आहे, पण वस्तू एक नाही. ‘चिरूट’ हा शब्द तमिळमधील ‘सुरुट्टु’ या शब्दावरून आला, आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजी अमदानीत दूरवर जात असत. चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो, त्यामुळे तो कापावा लागत नाही. सिगारचे ओठांकडचे टोक मात्र पानाच्या छोट्या टोपीने बंद केलेले असते.

हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन थर असतात: आतले भरण म्हणजे फिलर, त्याला बांधून ठेवणारे पान म्हणजे बाइंडर आणि बाहेरचे देखणे पान म्हणजे रॅपर. क्युबातील कारागीर फिलरची पाने झाडावरील उंचीनुसार ओळखतात. खालचे ‘व्होलाडो’ चांगले जळते, मधले ‘सेको’ सुगंध देते आणि वरचे, ऊन खाल्लेले ‘लिखेरो’ जोर देते. लिखेरो सावकाश जळते, म्हणून ते नेहमी मधोमध ठेवतात.

३. निपाणीला एवढा तंबाखू होतो, मग त्याची सिगार का होत नाही?

निपाणी पट्ट्यातला तंबाखू विडीसाठी घेतला जातो. त्याचे पान जाड आणि चिकट असते, ते उन्हात वाळवून बारीक जरद्यासारखे केले जाते आणि विडीचे आवरण तेंदूच्या पानाचे असते. सिगारला याउलट अखंड, लवचिक, शिरा काढूनही न फाटणारे पान लागते. असे रॅपर मिळावे म्हणून क्युबात शेतावर पातळ कापडाचे छत घालून पीक सावलीत वाढवतात, आणि पाने वाळवल्यावर त्यांचे ढीग रचून ती आपल्याच उष्णतेने महिनोन्‌महिने आंबू देतात. निपाणीचा तंबाखू कमी प्रतीचा आहे असा याचा अर्थ नाही. त्याचे काम वेगळे आहे.

४. जोडी जमवायची म्हणजे नेमके काय साधायचे असते?

सिगार आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी राहत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. ती जळत जाते तसा तिचा धूर उरलेल्या तंबाखूतून गाळला जातो. त्या तंबाखूत डांबर, ओल आणि निकोटीन साचत जाते. शिवाय निखारा ओठांच्या जवळ येत असल्याने धूर गरमही होतो. त्यामुळे सिगारचे तीन सारखे भाग केले तर पहिला हलका, मधला सर्वांत भरलेला आणि शेवटचा जोरकस व कडवट असतो. लिक्युअर मात्र पहिल्या घोटाला जसे असते तसेच शेवटच्या घोटाला असते.

यावरून आमचे ठाम मत असे झाले आहे की, लिक्युअरने थांबावे. सिगारचा पहिला भाग नुसत्या पाण्याबरोबर घ्यावा आणि लिक्युअरचा पहिला घोट दुसऱ्या भागात घ्यावा. जिलेबी खाऊन चहा प्यायला की तोच चहा अगोड लागतो. तसेच गोड लिक्युअर जिभेवर चढले की सिगारच्या आरंभीचा लाकडाचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा, वाळल्या गवताचा हळुवार गोडवा कळेनासा होतो. शेवटी कडवटपणा वाढतो तेव्हा मात्र हीच साखर उपयोगी पडते. अनेक ठिकाणी सिगार पेटवण्याआधीच पेला भरून पुढे ठेवतात, आणि पाहुण्याला सिगार कशी होती हे कधी समजतच नाही, याची आम्हाला खंत वाटते.

जोडी निवडताना दुसरी कसोटी जोराची असते. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याला दाबू नये. याची उदाहरणे प्रश्न ७ मध्ये आहेत.

५. मी पहिल्यांदाच बसणार आहे. कोणती सिगार घेऊ, आणि लिक्युअर किती?

सिगार लहान घ्यावी. जाडी ‘रिंग गेज’मध्ये मोजतात, आणि एक रिंग गेज म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. पेटिट कोरोना या आकाराची सिगार ४२ रिंग गेज जाड आणि १२९ मिलिमीटर लांब असते, तर रोबुस्तो या आकाराची ५० रिंग गेज आणि १२४ मिलिमीटर. पहिल्या वेळी पेटिट कोरोना पुरेशी आहे. ती अर्ध्या-पाऊण तासात संपते. रॅपर फिक्या, सोनेरी-तपकिरी रंगाचे, म्हणजे कनेक्टिकट शेड जातीचे असावे.

लिक्युअर एका बैठकीला ३० मिलिलिटर. त्याहून अधिक ओतून घेऊ नये, कारण पेल्यात असले की प्यायले जाते.

आधी जेवण झालेले असावे, पण झणझणीत रस्सा झालेला नसावा. जेवणानंतर विडा, लवंग, पुदिन्याची गोळी किंवा बडीशेप तोंडात टाकू नये. चुना आणि लवंग यांनी जीभ इतकी बधिर होते की, पुढचा तासभर कोणतीही सिगार सारखीच लागते.

६. कापण्यापासून शेवटच्या घोटापर्यंत क्रम कसा ठेवावा?

प्रथम न पेटवता सिगार नाकाशी धरून रॅपरचा वास घ्यावा. मग फक्त टोपी कापावी. टोपी जिथे संपते त्या रेषेच्या खाली पाते गेले तर रॅपर सुटू लागते. दोन मिलिमीटर बस होतात. कापल्यावर न पेटवताच एक-दोन झुरके घ्यावेत; हवा सहज आली पाहिजे, आणि याच वेळी तंबाखूची मूळ चव कळते.

पेटवायला ब्युटेन गॅसचा लायटर किंवा लांब काडी वापरावी. काडीवरचे गंधक आधी जळून जाऊ द्यावे. पेट्रोलच्या लायटरचा वास धुरात उतरतो. ज्योत टोकाला न लावता थोडी खाली धरावी आणि सिगार फिरवत राहावे. कडेला प्रथम काळपट, मग नारिंगी वर्तुळ दिसते. ते पुरे झाले की पहिला झुरका घेऊन टोकावर हलकेच फुंकर घालून पाहावी. निखारा सगळीकडे सारखा उजळला तर पेटवणे नीट झाले. एखादा तुकडा काळा राहिला तर तेवढ्यालाच ज्योत दाखवावी.

मिनिटाला एक झुरका पुरतो. धूर तोंडात फिरवून सोडून द्यायचा असतो, छातीत घ्यायचा नसतो. राख झटकू नये. ती इंचभर झाली की राखदाणीच्या कडेला टेकवावी, म्हणजे आपोआप सुटते.

दुसऱ्या भागात आल्यावर लिक्युअरचा चमचाभर घोट घेऊन तो जिभेवर पसरू द्यावा, गिळावा, दोन श्वास थांबावे आणि मग झुरका घ्यावा. तोंडात पेय असताना धूर घेऊ नये. दोन घोटांमध्ये तीन-चार झुरके जाऊ द्यावेत आणि मधूनमधून पाणी प्यावे. आमच्या बैठकीत पेल्याशेजारी पाण्याचा तांब्या असतोच, आणि शेवटी रिकामा होतो तो तांब्याच.

७. कोणत्या सिगारबरोबर कोणते लिक्युअर चांगले जाते?

फिक्या कनेक्टिकट रॅपरबरोबर संत्र्याचे लिक्युअर घ्यावे, पण ते कोन्याकवर बेतलेले असावे. ग्रां मार्निये हे १८८० पासूनचे फ्रेंच लिक्युअर कोन्याक आणि कडू जातीच्या संत्र्याची साल यांपासून होते, आणि त्यात ४० टक्के अल्कोहोल असते. सालीचा कडसरपणा साखरेला आवर घालतो, म्हणून ते हलक्या सिगारवर बसत नाही. नवख्याला आम्ही हीच जोडी सुचवतो.

मध्यम जोराच्या, लालसर तपकिरी सिगारबरोबर वनौषधींची लिक्युअर शोभतात. नॉर्मंडीतील फेकाँ या गावी १८६३ मध्ये सुरू झालेल्या बेनेडिक्टीनमध्ये २७ वनस्पती व मसाले आहेत. त्यातील मध आणि केशराची छटा सिगारमधील सुक्या लाकडाच्या चवीला ऊब देते. स्कॉच, हेदर फुलांचा मध आणि मसाले यांपासून होणारे ड्रॅम्बुई मात्र अधिक जोरकस आहे. निकारागुआत एस्तेलीच्या परिसरातील तंबाखू मिरमिरीत असतो, आणि तिथल्या सिगारसमोर टिकून राहणारी जी थोडी लिक्युअर आहेत त्यांत आम्ही ड्रॅम्बुईला पहिले स्थान देतो.

काळसर ‘मादुरो’ रॅपर जाड पानाचे असते आणि अधिक काळ, अधिक उष्णतेत आंबवलेले असते. त्याला कोको, काकवी आणि भाजल्या कॉफीची चव येते, म्हणून लोक कॉफीचे लिक्युअर घेतात. जोडी चुकीची नाही, पण गोडावर गोड होते. आम्ही अशा वेळी लिक्युअर निम्मेच घेतो आणि सोबत बिनसाखरेची काळी कॉफी ठेवतो.

हिरव्या शार्त्रझविषयी सावध करणे आवश्यक वाटते. कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंच्या या लिक्युअरमध्ये १३० वनस्पती आणि ५५ टक्के अल्कोहोल असते. ते अप्रतिम आहे, परंतु त्याच्यासमोर बहुतेक सिगार मुक्या होतात. सिगार पूर्ण संपवून, दहा मिनिटे थांबून ते घ्यावे. पिवळे शार्त्रझ सौम्य आणि मधाळ आहे, ते बैठकीत चालते. बडीशेपेच्या वासाची इटालियन लिक्युअर आम्हाला कोणत्याही सिगारबरोबर आवडलेली नाहीत. त्याचे कारण प्रश्न ५ च्या शेवटी आहे.

८. सिगार जिथे होते त्या क्युबात लोक कोणते लिक्युअर घेतात?

क्युबात सिगारबरोबर प्रथम आठवते ती रम. परंतु पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांताची स्वतःची एक जोडी आहे, आणि आमच्या मते ती जगातील सर्वांत नैसर्गिक जोडी आहे. सान लुईस व सान हुआन इ मार्तीनेस या गावांभोवतीचा व्हुएल्ता आबाहो हा तंबाखूचा नामवंत मुलूख याच प्रांतात आहे, आणि याच प्रांताच्या टेकड्यांवर बोराएवढा रानपेरू वाढतो. त्याला तिथे ग्वायाबिता म्हणतात. पिनार देल रिओ शहरातील कासा गाराय या कारखान्यात १८९२ पासून या फळाचे ‘ग्वायाबिता देल पिनार’ हे पेय होते. त्याचे ‘दुल्से’ म्हणजे गोड आणि ‘सेका’ म्हणजे कोरडे असे दोन प्रकार मिळतात. गोड प्रकार लिक्युअरमध्ये मोडतो.

परदेशात राहणाऱ्या एका स्नेह्याने एक बाटली आणली होती. बूच काढताच पिकल्या पेरूंच्या टोपलीचा वास आला. पुरंदरच्या बाजूला पेरूच्या हंगामात रस्त्याकडेच्या टोपल्यांपाशी येतो तोच. सिगारचा मधला भाग चालू होता. पेरूच्या सालीचा किंचित तुरटपणा धुराच्या कोरडेपणाशी असा मिळाला की, बराच वेळ कोणी बोलले नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने याच प्रांतातील तंबाखू वाळवण्याची हजारो लाकडी घरे जमीनदोस्त केली. क्युबन सिगार महाग आणि दुर्मिळ का झाल्या, असे विचारणाऱ्यांनी हेही एक कारण ध्यानात ठेवावे.

९. सिगारचे टोक लिक्युअरमध्ये बुडवून ओढतात, ते बरोबर आहे का?

आम्ही तसे करू नये असे सांगतो. कापलेल्या टोकातून पेय आतल्या पानांत शिरते, पाने फुगतात, हवा अडते आणि साखर ओठांना चिकटत राहते. क्युबातील व्हिन्यालेसच्या खोऱ्यातील शेतकरी टोकाला मध लावून सिगार देतात हे खरे आहे, परंतु दाट मध बाहेरच्या बाहेर राहतो आणि ती सिगारही शेतावरची, घरगुती, ताजी वळलेली असते.

१०. लिक्युअरमध्ये बर्फ घालावा का?

सहसा नाही. गारव्याने वास दबतो, आणि जोडीचा अर्धा आनंद वासात आहे. अपवाद फार गोड लिक्युअरचा आहे. थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे कॉफीच्या लिक्युअरमध्ये बर्फाचा एक मोठा खडा चालतो. संत्र्याच्या आणि वनौषधींच्या लिक्युअरमध्ये बर्फ घालू नये.

११. दुधाच्या साईचे क्रीम लिक्युअर चालेल का?

सिगारबरोबर नको. स्निग्धांशाचा थर जिभेवर बसतो आणि पुढचे झुरके बोथट लागतात. बैठक संपल्यावर गोडाच्या जागी घ्यायला हरकत नाही.

१२. पावसाळ्यात सिगार कशा सांभाळायच्या?

मुंबईत, कोकणात आणि पावसाळ्याच्या भरात पुण्यातही हवेची आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि सिगारला ६५ ते ७० टक्के मानवते. तेव्हा आपल्याकडे पावसाळ्यातला प्रश्न ओल देण्याचा नसून ओल रोखण्याचा आहे. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा आणि आर्द्रता ठरावीक पातळीवर राखणारी पुडी यांनी काम भागते. ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायचा लाकडी डबा, दिसायला सुंदर असला तरी जुलैत तो बाहेरची ओल आत येऊ देतो.

आर्द्रतामापक खरा आहे का, हे घरी तपासता येते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते चिखलाइतके ओले करावे आणि मापकासह हवाबंद डब्यात दिवसभर ठेवावे. आकडा ७५ दिसला पाहिजे. जितका फरक असेल तितका पुढे धरून चालावे.

डबा स्वयंपाकघरात ठेवू नये. माझा पहिला डबा मी फडताळात गोड्या मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवला होता आणि त्याचे झाकण सैल होते. तीन आठवड्यांनी पेटवलेल्या सिगारच्या पहिल्याच झुरक्याला दगडफुलाचा वास आला, आणि उरलेल्या नऊ सिगारही तशाच निघाल्या.

रॅपरवर निळसर-हिरवा किंवा पांढरा केसाळ डाग दिसला तर ती बुरशी असते. फक्त वरवर असेल तर कोरड्या फडक्याने पुसून ती सिगार वेगळी ठेवावी. पेटवायच्या टोकाच्या आत शिरली असेल तर सिगार टाकून द्यावी. रॅपरला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतील तर तो तंबाखूतील किड्याचा उपद्रव आहे, आणि तो उष्णतेने वाढतो. एप्रिल-मेमध्ये डबा घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवावा.

१३. धूर छातीत घेत नाही, म्हणजे धोका नाही ना? आणि गरगरले तर काय करावे?

धोका आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. छातीत न घेताही सवय लागू शकते. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारने वाढतो. मद्याबरोबर तंबाखू घेतल्यास हा धोका दोहोंच्या बेरजेपेक्षाही अधिक होतो, आणि हे उत्तर जोडीनेच घेणाऱ्यांसाठी असल्याने ते झाकून ठेवणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते. आमच्या बैठकी वर्षातून चार-पाचच होतात त्यामागे हेच कारण आहे. थोडे घेतले म्हणजे निर्धोक झाले, असे आम्ही म्हणत नाही. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि व्यसनातून बाहेर पडलेले लोक यांनी यात पडू नये.

गरगरणे, घाम फुटणे, मळमळणे ही निकोटीन अधिक झाल्याची खूण आहे. सिगार ठेवून द्यावी, लिक्युअरही थांबवावे, मोकळ्या हवेत बसावे आणि पाणी प्यावे. अनुभवी लोक गुळाचा खडा किंवा साखर देतात, तीही घ्यावी. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड होत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

१४. महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक मनाई आहे. ३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल आणि ३० किंवा अधिक जणांच्या बैठकीचे उपाहारगृह यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि लिक्युअरसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, शिवाय मद्यप्राशनाचा परवानाही लागतो. घरी बसतानाही लहान मुले आणि धुराचा त्रास होणारी माणसे त्या खोलीत नसावीत. हे कायद्याने नव्हे, पण माणुसकीने आवश्यक आहे.

१५. गोव्याची काजू फेणी लिक्युअर म्हणून चालेल का?

फेणी हे स्वतंत्र आणि मानाचे पेय आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात साखर घातलेली नसते, म्हणून ती लिक्युअर ठरत नाही. तिचा उग्र फळाळ गंध फिक्या सिगारला पुरता झाकतो. ज्यांना गोव्यातच बसायचे आहे त्यांनी मादुरो घ्यावी आणि फेणी अगदी थोडी घ्यावी.

१६. मध्येच उठावे लागले आणि सिगार विझली. उरलेली उद्या ओढता येईल का?

तास-दीड तासात परत आलात तर येईल. राख झाडून टाकावी, सिगारमधून हळूच बाहेरच्या दिशेने फुंकावे म्हणजे कोंडलेला धूर निघून जातो, आणि मग पुन्हा पेटवावी. रात्रभर राहिलेली सिगार डांबरट लागते आणि कोणतेही लिक्युअर ते झाकू शकत नाही. अशी सिगार टाकून द्यावी, आणि ती इतर सिगारच्या डब्यात तर मुळीच ठेवू नये.

१७. परदेशातून किती आणता येते? आणि अमेरिकेतल्या भावासाठी क्युबन सिगार नेता येईल का?

भारतात येताना २०१६ च्या प्रवासी सामानाच्या नियमांत मोफत सवलतीची मर्यादा २५ सिगार आणि २ लिटर मद्य अशी होती. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाची ताजी माहिती पाहावी.

अमेरिकेत मात्र क्युबन सिगार नेऊ नये. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्युबाशी व्यापारबंदी लागू केली. मधल्या काळात प्रवाशांना थोडी सूट मिळाली होती, पण सप्टेंबर २०२० पासून क्युबन तंबाखू आणि क्युबन मद्य सामानातून आणण्यास पुन्हा मनाई झाली. सिगार दुबईत घेतली की दिल्लीत, याने फरक पडत नाही. तंबाखू क्युबाचा असला की ती जप्त होऊ शकते. प्रश्न ८ मधील ग्वायाबितालाही हेच लागू आहे. भावासाठी डोमिनिकन किंवा निकारागुआची सिगार न्यावी आणि ड्रॅम्बुई त्याला तिथेच घ्यायला सांगावे.